व्हर्ना लावली का?

त्या प्रयोगशाळेत ‘नाही’ला ‘व्हर्ना’ म्हणत.

त्याचं असं होतं. रक्त तपासायच्या जेल कार्डावर सहा बारीक नळ्या असतात. पहिल्या नळीत नेहमी अशा माणसाचा प्लाझ्मा घालायचा, की ज्याच्या अंगात आपण शोधतोय ती अँटीबॉडी नाहीच, याची पक्की खात्री आहे. बाकीच्या पाच नळ्या मग तिच्याशी ताडून बघायच्या. गेली नऊ वर्षं तो प्लाझ्मा व्हर्ना काड्लेकच्या दंडातून येत होता. व्हर्ना तिथली सगळ्यात जुनी तंत्रज्ञ. तिच्या रक्ताच्या कुप्या फ्रीझरच्या वरच्या खणात असत आणि त्यांच्यावर नुसतं ‘व्ही’ लिहिलेलं असे. कार्ड यंत्रात फिरायला घालण्याआधी एकीने दुसरीला विचारायचं, “व्हर्ना लावली का?” आणि निकाल वाचताना म्हणायचं, “तिसरा व्हर्ना, चौथा व्हर्ना.” म्हणजे निगेटिव्ह. लिहा आणि पुढे चला.

व्हर्नाला याचा अभिमान होता, आणि ती तो लपवतही नसे. तिचा नवरा ड्वेन चर्चच्या तळघरातल्या जेवणात लोकांना सांगायचा, “आमच्या घरात मी काहीही विचारलं तरी उत्तर व्हर्नाच येतं.” लोक हसत, तीही हसे आणि त्याच्या ताटात आणखी एक कोलाचे, खसखस भरलेला गोड पाव, वाढे. बाई नाकासमोर चालणारी. आयोवाच्या त्या भागात अशा बाया पुष्कळ आहेत, पण शास्त्राला मोजमाप म्हणून उपयोगी पडलेली ही एकच.

काम काय होतं तेही सांगायला हवं. दिलेलं रक्त घेणाऱ्याच्या अंगात किती दिवस टिकतं, हे कळायला दिलेल्या लाल पेशींवर काहीतरी खूण लागते. पूर्वी खुणेसाठी किरणोत्सारी द्रव्य वापरत, पण ते तान्ह्या बाळाला कोण देणार? म्हणून डॉक्टर ऑरिन हाल्वर्सन यांनी बायोटिन धरलं. लोक केस वाढावेत म्हणून ज्याच्या गोळ्या खातात ते साधं जीवनसत्त्व. ते पेशीच्या अंगावर चिकटवायचं, पेशी परत शिरेत सोडायच्या आणि आठवड्याला थोडं रक्त काढून खुणेच्या किती उरल्या ते मोजायचं. सगळी भीती एकाच गोष्टीची. शरीराने ती खूण परकी समजून तिच्याविरुद्ध अँटीबॉडी केली, तर खुणेच्या पेशी अवेळी मारल्या जातात. मग मोजमाप तर वाया जातंच, आणि ज्याला रक्त दिलं त्याच्या अंगात एक नवं भांडण लावून दिल्यासारखं होतं. ती अँटीबॉडी शोधणं हे व्हर्नाचं काम.

ती या कामाला का चिकटली हे सगळ्यांना माहीत होतं, पण कुणी बोलत नसे. एक्याण्णव साली याच इस्पितळात तिला पंचविसाव्या आठवड्यात मुलगी झाली. पॉलिन. अकरा दिवस जगली. एवढ्याशा जिवाच्या टाचेतून तपासणीसाठी रोज रक्त काढत, ते कमी पडलं की दुसऱ्या कुणाचं तरी भरत, आणि पुन्हा काढत. चौथ्या दिवशी व्हर्नाने विचारलं होतं, “हे भरलेलं रक्त टिकणार किती दिवस?” एक तरुण डॉक्टर घड्याळाकडे बघत म्हणाला होता, “बघू या.” त्या दोन शब्दांचा राग तिने बत्तीस वर्षं जपला होता. हाल्वर्सनच्या प्रयोगशाळेत जागा निघाली तेव्हा तिने पगारसुद्धा विचारला नव्हता.

आणि आता ते शेवटी होणार होतं. चाळीस निरोगी माणसांना कमी मात्रेची खूण देऊन झाली होती आणि एकाच्याही अंगात अँटीबॉडी आढळली नव्हती. तसा लेखही छापून आला होता. त्या जोरावर बाळांवरच्या अभ्यासाला परवानगी मिळाली होती. फेब्रुवारीच्या तिसऱ्या सोमवारी पहिल्या बाळाला खुणेचं रक्त द्यायचं ठरलं होतं.

त्या बाळाची आई व्हर्नाला आधीच्या मंगळवारी लिफ्टमध्ये भेटली. ट्रिशा मोल्डेनहाउअर, वय तेवीस, पायात इस्पितळाचे मोजे, अंगावर नवऱ्याचं डांगरी जाकीट. डोळे सुजलेले. तिने व्हर्नाच्या गळ्यातलं ओळखपत्र वाचलं.

“तुम्ही त्या रक्तवाल्या का?”

“हो, त्यातलीच.”

“माझी आई म्हणते सही करू नकोस. म्हणते, आपल्या पोराला उंदीर करतायत. नर्स म्हणते, तुझं तू ठरव. मला काही कळत नाही हो. तुम्ही केली असती सही?”

व्हर्नाने क्षणभरही विचार केला नाही. “मी केली असती. चाळीस जणांना दिलंय आम्ही. त्यांतल्या एकाच्याही अंगाने कुरकुर केली नाही. एकाच्याही नाही.”

“नक्की?”

“मी स्वतः वाचलीयत सगळी कार्डं.”

ट्रिशाने संध्याकाळी सही केली. नर्सने सांगितलं, ती म्हणाली की त्या लिफ्टमधल्या बाईंवर माझा भरवसा आहे. व्हर्ना त्या दिवशी घरी जाताना गाडीत गुणगुणत होती. बाहेर सगळं करडं झालं होतं, रस्त्याकडेच्या बर्फावर मिठाचे आणि चिखलाचे थर बसले होते. पण तिला त्याचं काही वाटलं नाही.

घोटाळा निघाला तो तिच्या हिमोग्लोबिनमुळे. वार्षिक तपासणीत ते कमी आलं आणि तिच्या डॉक्टरने सहा महिने रक्त द्यायला मनाई केली. ‘व्ही’च्या तीनच कुप्या उरल्या होत्या. तेव्हा सेंग बाकामने आपली बाही वर केली. सेंग तिची कामातली जोडीदारीण, वय चौतीस, अकरा वर्षं तिथेच. तिचे आजी-आजोबा लाओसमधून पळून डे मॉइनला आले होते. दोन मुलांची ही आई तोंडाची मोठी फटकळ होती.

गुरुवारी सकाळी सेंगच्या प्लाझ्माचं पहिलं कार्ड यंत्रातून बाहेर आलं. व्हर्नाने ते दिव्यासमोर धरलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“अगं, खुणेच्या पेशी घालायच्या विसरलीस.”

“घातल्यात.”

“मग साध्या घातल्यास.”

“व्हर्ना, मला माझी पोरं ओळखता येत नाहीत सकाळी, पण पेशी ओळखता येतात. खुणेच्याच घातल्यात.”

“मग धुकं कुठाय?”

धुकं म्हणजे असं. कार्ड फिरवलं की मोकळ्या पेशी जेलमधून खाली उतरतात आणि तळाशी लाल टिकलीसारख्या बसतात. अँटीबॉडीने त्यांचे गठ्ठे केले असतील तर त्या वरच अडकतात. साध्या पेशी व्हर्नाच्या प्लाझ्मात स्वच्छ तळाला बसत. खुणेच्या पेशी घातल्या की मात्र टिकलीच्या जरा वर चार-दोन कण रेंगाळलेले दिसत. फार नाही. आरशावर श्वास सोडावा तेवढं. खूण लावली की पेशी थोड्या चिकट होतात, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं, आणि नियम असा केला होता की व्हर्नाहून दाट दिसलं तरच पॉझिटिव्ह म्हणायचं. कधीकधी कुणाची नळी अगदी लख्ख निघे. तेव्हा त्या म्हणत, “हा तर व्हर्नाहून सोवळा!” आणि हसून पुढचं कार्ड घेत. नऊ वर्षं हसत होत्या.

सेंगच्या नळीत धुकं नव्हतं. त्यांनी पुन्हा लावलं. नव्हतं. सेंगने शेजारच्या खोलीतल्या दोघांना धरून आणलं, त्यांचं रक्त काढलं. त्यांच्यातही नव्हतं. मग ‘व्ही’ची कुपी वितळवून लावली. धुकं होतं.

“पेशी चिकट नाहीत,” सेंग हळू म्हणाली.

व्हर्नाने एक शेवटची तपासणी केली, जी ती झोपेतही करू शकली असती. आपल्या प्लाझ्मात आधी नुसतं बायोटिन मिसळलं. खरोखर अँटीबॉडी असेल तर ती त्या मोकळ्या बायोटिनलाच धरून बसते आणि पेशींचा नाद सोडते. मग तिने त्यात खुणेच्या पेशी घातल्या, कार्ड फिरवलं, दिव्यासमोर धरलं.

धुकं गेलं होतं. तळाशी लख्ख लाल टिकली.

सेंग स्टुलावर बसली. “तुझ्यात आहे. व्हर्ना, तुझ्यातच आहे गं.”

“दिसतंय मला.”

“पण कुठून आली?”

व्हर्नाला ते ठाऊक होतं. तिने मागच्या कपाटातून बारा वर्षांपूर्वीची वही काढली आणि न शोधता ते पान उघडलं. सुरुवातीच्या दिवसांत, अभ्यासाला माणसं मिळत नव्हती तेव्हा, तिने स्वतःच्या शिरेत दोनदा खुणेच्या पेशी घेतल्या होत्या. पहिल्यांदा त्या जवळजवळ चार महिने टिकल्या, टिकायला हव्यात तशा. दुसऱ्या वेळेची नोंद तिच्याच अक्षरात होती: ‘व्ही. के., दुसरी मात्रा. खुणेच्या पेशी एकतिसाव्या दिवशी संपल्या. लॉट खराब?’ पुढचं प्रश्नचिन्ह वेगळ्या शाईने खोडलं होतं आणि शेजारी ‘ओ. एच.’ अशी सही होती.

तेव्हाच्या जुन्या ढोबळ चाचणीत काही निघालं नव्हतं. डॉक्टरांनी प्रश्नचिन्ह खोडलं तेव्हा तिला बरं वाटलं होतं, हे तिला आत्ता लख्ख आठवलं. लॉट खराब होता म्हणजे तिचं रक्त चांगलं होतं. खूण चांगली होती. काम पुढे जाणार होतं. ज्याची तिला धास्ती होती ते एका रेघेने पुसलं गेलं होतं, आणि ती मूग गिळून बसली होती.

शुक्रवारी सकाळपासून दोघींनी फ्रीझरमधले चाळीसही जणांचे नमुने सेंगच्या प्लाझ्माशी ताडून पुन्हा वाचले. दुपारच्या जेवणाचा डबा कुणी उघडला नाही. तीन वाजता शेवटचं कार्ड झालं. चाळिसांपैकी नऊ जणांच्या नळीत धुकं होतं. खूण देण्याआधीचे त्यांचेच नमुने लख्ख होते, नंतरच्यांत धुकं. नऊही जण आजवर ‘व्हर्ना’ म्हणून लिहिले गेले होते, आणि ते तरी खोटं कसं म्हणावं? ते अगदी व्हर्नासारखेच होते.

सेंगने दार लोटलं. “ऐक. सोमवारपासून मला लाव पहिल्या नळीत. ‘व्ही’ संपली म्हणून बदलली, इतकंच लिही. कोण विचारणार आहे?”

“आणि हे नऊ?”

“फिके आहेत गं. त्या लोकांना काही झालंय का? एक तर मॅरेथॉन पळतो. हा अभ्यास बंद पडला तर आपण दोघींनी काय मका विकायचा?” ती रडकुंडीला आली होती. “मे महिन्यात डॉक्टर निवृत्त होतायत. म्हाताऱ्याला सुखाने जाऊ दे. आणि तुला हे व्हायला हवंय. तुझ्याइतकं कुणालाच हवं नसेल.”

ते खरं होतं. व्हर्नाला ते इतकं हवं होतं की तिने चक्क दहा मिनिटं सेंगचं म्हणणं पटवून घ्यायचा प्रयत्न केला. डोळ्यांवर कातडं ओढायला तिला कुणी शिकवायला नको होतं, ते तिने आधी एकदा केलं होतं. पण राहून राहून ते डांगरी जाकीट डोळ्यांपुढे येत होतं. एकाच्याही नाही, असं आपण सांगितलं. मी स्वतः वाचलीयत, असं सांगितलं. शेवटी तिने वही काखेत मारली आणि ती डॉक्टरांकडे गेली.

हाल्वर्सनच्या खोलीत अर्धी पुस्तकं खोक्यांत भरून झाली होती. बहात्तर वर्षांचा उंच, वाकलेला माणूस. त्याने नऊही कार्डं एकेक करून खिडकीच्या उजेडात बघितली.

“फिकी आहेत,” तो म्हणाला. “अगदीच फिकी.”

“माझ्याइतकी.”

“व्हर्ना, इतकी लहान बाळं अँटीबॉडी करत नाहीत. त्यांना अजून ते जमतच नाही. हे तू माझ्याइतकंच जाणतेस. बाळाला काहीही होणार नाही.”

“बहुतेक नाही होणार.”

“मग?”

“पण डॉक्टर, मी त्या मुलीला ‘बाळांना ते जमत नाही’ असं नव्हतं सांगितलं. मी सांगितलं, चाळिसांत एकही नाही. तिने त्यावर सही केलीय.”

तो चिडला. “तू कशाला बोलायला गेलीस तिच्याशी? ते तुझं काम होतं का?”

“नव्हतं,” व्हर्ना म्हणाली आणि वही त्याच्यापुढे उघडून ठेवली.

त्याने ते पान बराच वेळ वाचलं. एकच ओळ होती. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“प्रश्नचिन्ह तू घातलं होतंस.”

“आणि तुम्ही खोडलंत.”

“तू काही बोलली नाहीस तेव्हा.”

“नाही बोलले. मला बरं वाटलं होतं.”

“मलाही,” तो म्हणाला. बाहेर बर्फ काढायची गाडी पुढे-मागे करत होती, तिचा भोंगा तेवढा ऐकू येत होता. तिला त्याची दया आली, स्वतःची आली, आणि सगळ्यात जास्त राग आला तो त्या खोडलेल्या एवढ्याशा खुणेचा. अखेर त्याने फोन जवळ ओढला. अभ्यास थांबवल्याचं कळवायचं होतं, छापलेला लेख मागे घ्यायचा होता. “जाताना दार लावून घे,” तो म्हणाला. इतक्या वर्षांत त्याने कधी दार लावायला सांगितलं नव्हतं.

सोमवारी सकाळी सेंगने नवीन कार्ड मांडलं. बाळांचा अभ्यास गेला तरी बाकीचे नमुने वाचून मार्गी लावायचे होते. पहिल्या नळीत आता तिचा प्लाझ्मा होता. सहाव्या नळीत फिक्या पॉझिटिव्हचा नमुना हवा होता, म्हणजे धुकं कसं दिसतं ते समोर राहील. त्याला ‘व्ही’हून चांगला नमुना कुठला मिळणार? सवयीने ती विचारून गेली, “व्हर्ना लावली का?” आणि मग तिने ओठ चावला.

“लावते,” व्हर्ना म्हणाली. “शेवटी लावते.” तिने लावलीही.

मग ती हात धुऊन चौथ्या मजल्यावर गेली. नर्सने ट्रिशाला सकाळीच सांगितलं होतं की अभ्यास थांबलाय, पण व्हर्नाला स्वतः जायचं होतं. काचेच्या पेटीजवळ ट्रिशा त्याच जाकिटात बसली होती. पेटीत तळहाताएवढी पाठ वरखाली होत होती. बाळाचं नाव कागदावर हाताने लिहून चिकटवलं होतं, ग्रेडी.

“ट्रिशा, मी तुला चुकीचं सांगितलं होतं,” व्हर्ना म्हणाली. “चाळीस जणांत एकही नाही म्हणाले होते. नऊ जण निघाले. ज्या रक्ताशी ताडून बघत होतो त्याच्यातच खोट होती. ते रक्त माझं होतं.”

ट्रिशाने तिच्याकडे बघितलं. कळलं किती आणि नाही किती, कोण जाणे. “मग आज त्याला रक्त देणार नाहीत?”

“देतील. साधं. खूण नसलेलं. सगळ्या बाळांना देतात तेच.”

“ते किती दिवस टिकेल?”

‘बघू या’ हे शब्द आपोआप व्हर्नाच्या तोंडाशी आले होते, ते तिने गिळले. “मला माहीत नाही,” ती म्हणाली. “कुणालाच नीट माहीत नाही. तेच तर शोधत होतो.”

इतक्यात नर्स आली, पेटीच्या बाजूची झडप उघडली आणि तपासणीसाठी ग्रेडीची टाच धरली. बाळ रडलं, पण आवाज कसला तो. ट्रिशाने दोन्ही हातांनी जाकिटाची बाही पिळली.

“तुम्हाला विचारलं होतं मी,” ती व्हर्नाकडे न बघता म्हणाली. “आई नको म्हणत होती, तरी मुद्दाम तुम्हाला विचारलं. तुम्ही तेव्हाच ‘नाही’ म्हणायला हवं होतं.”